वल्हं घेऊन वैभववाडीला

शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि मालवणला माहेरी, दादाकडे राहायला आले. वहिनी गेलेली, पुतण्या पुण्याला. दोन म्हातारी माणसं एकमेकांशी बोलून बोलून बोलणार तरी किती? म्हणून दुपारी घरापुढच्या खळ्यात बसून मी त्याला पुस्तकं वाचून दाखवायला लागले.

कादंबरी काढली की तो दुसऱ्या पानाला घोरायचा. जागा राहिला तो एकाच पुस्तकाला. जुन्या ग्रीक महाकाव्याचा मराठी अनुवाद होता तो. लढाई संपवून समुद्रावरून घरी निघालेला राजा, आणि त्याच्यावर डूख धरून बसलेला समुद्राचा देव. ग्रीकमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, आणि दादासाठी माझ्या तोंडून मालवणीत. इतके दिवस बर्फात ठेवलेल्या मासळीची चव राहत नाही, पण या गोष्टीची राहिली होती. मला त्याचं फार नवल वाटायचं. दादाला अजिबात वाटत नव्हतं.

"समुद्रान डूख धरल्यान काय सोडणा नाय," एवढंच तो म्हणायचा.

त्याला कारण होतं. आमचे बाबा होडीसकट गेले त्या दिवशी दादा तापाने घरी पडला होता, नाहीतर तोही गेला असता. ना होडी मिळाली, ना बाबा. किनाऱ्याला लागलं ते त्यांचं एक वल्हं. दादाने ते आणून पडवीच्या वाशांना अडकवलं, बाजारात सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि समुद्राचं नावच टाकलं. नारळी पौर्णिमेला सगळा गाव नारळ घेऊन किनाऱ्यावर जायचा, तेव्हा हा पठ्ठ्या दुकानात पंक्चर काढत बसायचा.

पुस्तकात पुढे त्या राजाला एक उपाय सांगितलेला आहे. खांद्यावर वल्हं घ्यायचं आणि समुद्राकडे पाठ करून चालत सुटायचं. जिथे कोणी विचारेल की हे खांद्यावर कसलं धान्य पाखडायचं सूप, तिथे ते जमिनीत रोवायचं आणि देवाला मान द्यायचा. मग समुद्राशी असलेलं भांडण मिटलं.

दादा ताडकन उठून बसला. "परत वाच गो."

मी परत वाचलं.

"वल्ह्याक सूप म्हणतले? आंधळे काय ते?"

"समुद्रच बघूक नाय, तर वल्हा खंयसून वळाखतले?"

त्याने वाशांना अडकवलेल्या वल्ह्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वैभववाडीक जावया?"

वैभववाडी घाटाच्या पायथ्याशी. समुद्रापासून त्याहून लांब जायचं तर घाटच चढायला हवा. मला हसू आलं होतं, पण त्याचं तोंड बघून ते गिळलं. वल्हं घेऊन आम्ही एस.टी.त चढलो.

"वल्हा आडवा घाला, कोणाच्या तरी डोळ्यात जाईत," कंडक्टरने पहिली सलामी दिली. वाटेत कट्टा गावाला एक बाई चढल्या. त्या म्हणाल्या, "वल्हा हाडलास, होडी खंय ठेवलास?" अख्खी गाडी हसली. वैभववाडीच्या बाजारात तर चहावाल्याने वल्ह्यावरून प्रेमाने हात फिरवला. त्याचा मेव्हणा देवगडला बोटीवर होता. दिवसभर हिंडलो, पण सूप कोणालाही दिसलं नाही.

"सगळो जिल्होच मेलो समुद्राचो सोयरो," घरी आल्यावर तो करवादला आणि वल्हं पुन्हा वाशांना गेलं. "पुढच्या खेपेक सोलापूर," असं म्हणून मी त्याला पुष्कळ दिवस चिडवत असे. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

गेल्या मे महिन्यात पुतण्या मुलीला घेऊन पुण्याहून आला. शाळेत जाणारी पोर, पण आजोबांचं घर बघण्याची तिची पहिलीच वेळ. पडवीत उभी राहून ती मान वर करून बघत होती.

"आजोबा, एवढं मोठं उलथनं कशाला?"

मी खोखो हसले. दादाही हसला. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मला पुस्तकातलं ते सूप आठवलं.

"दादा, इचारल्यान रे! रोवया खळ्यात?" मी धावत आत जाऊन नारळ घेऊन आले. माझा आनंद मावत नव्हता.

दादा खुर्चीतून उठला नाही. त्याचं हसू केव्हाच गेलं होतं. बाबांच्या हातचं वल्हं न ओळखणारं माणूस शेवटी भेटलं होतं, आणि ती बाबांचीच पणती होती.

"वैभववाडीक कोणी इचारल्यान आसता तर बरा झाला आसता गो," तो म्हणाला.

मी नारळ खाली ठेवला. ते पान मी त्याला वाचून दाखवायला नको होतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

पोर उत्तराची वाट बघत होती. दादाने तिला जवळ घेतलं. वल्हं म्हणजे काय हे सांगायचं, तर सुरुवात कुठून करणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने हात उचलून समुद्राकडे बोट केलं. "थंय तुझे पणजोबा," तो म्हणाला.