चावडीपुढची वहाण

तर तो बिब्बा उतला, आणि तिथंच काल गोष्ट थांबली, कारण मला हसू आवरेना. तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं म्हणा. मालनवैनीचा उजवा पाय पोटरीपर्यंत लालभडक झाला होता, तळव्याला पाण्याने भरलेले फोड आले होते, आणि ती मला शिव्या घालत होती. घालणारच. बिब्बा मीच आणला होता, मीच दिव्यावर तापवला होता आणि मीच सुईला टोचून तिच्या पायाला लावला होता.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मालनवैनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची, कानिफनाथदादाची बायको. आमचं गाव भिंगारपासून दोन कोसांवर. त्रेचाळीस सालचा श्रावण. लढाईमुळे भिंगारच्या छावणीत माणूस मावत नव्हतं आणि भाजीपाला कितीही नेला तरी कमीच पडे. वैनी उजाडताच मेथी-कोथिंबिरीची पाटी डोक्यावर घेऊन निघायची. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं, आणि सगळं अनवाणी. त्या चालण्याने तिच्या तळव्याला, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर, कुरूप झालं होतं. पाय टेकला की आत खडा रुतल्यासारखी कळ. टाचांच्या भेगा तर अशा, की ज्वारीचा दाणा पडला तर बसून राहावा.

आता कुरपावर न् भेगांवर बिब्ब्याचं तेल लावायचं ही आमच्याकडे जुनी चाल. एखाद्याला मानवतं, एखाद्याला उततं. एक थेंब पुरतो. पण मी पडलो चौथी पास. गावात तेवढी बुकं शिकलेला म्हणून औषधातलंही मला कळतं असं लोकांना वाटे, आणि खरं सांगतो, मलाही वाटे. मी कुरपाला थेंब लावला तो लावलाच, वर उरलेलं तेल भेगांतून फिरवलं. वाया कशाला घालवायचं!

"भावजी," वैनी दुसऱ्या दिवशी पाय पुढे करून म्हणाली, "तुमच्या मास्तरनं तुमाला पाचवीत का घातलं न्हाई, ते आज कळलं."

तरी ती घरी बसली नाही. तिसऱ्या दिवशी पायाला चिंधी गुंडाळली आणि चालू लागली. आमच्या मळ्यातून भिंगारच्या रस्त्याला लागायला दोनच वाटा. एक चावडीपुढून, दुसरी ओढ्यातून. पावसाळ्यात ओढ्याला मांडीइतकं पाणी. चावडीपुढे गावची जनावरं गोळा व्हायची, त्यामुळे तिथे साठ पावलं नुसता शेणा-मुताचा चिखल. आठ दिवसांत फोड फुटले, चिंधी भिजून कुजली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी पांढरी पडली आणि पायाला वास येऊ लागला. तेव्हा मात्र मी तिला बळेच बैलगाडीत घातलं आणि भिंगारच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरने नाकाला रुमाल लावून विचारलं, "बिब्बा कोणी लावला?"

"हे काय, वैद्यबुवा सोबतच आनलेत," वैनीने माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टर मला जे बोलला ते मी सांगत नाही. मग तिच्याकडे वळून त्याने शांतपणे सांगितलं, "बाई, नीट ऐका. बोटांच्या मुळाशी पू झालाय. उकळून कोमट केलेल्या पाण्यात ही पुडी टाकायची, पाणी जांभळं होईल, त्याने रोज पाय धुवायचा. बेचक्यातलं पाणी टिपून काढायचं आणि पाय कोरडा झाल्यावर मलम. दिवाळीपर्यंत हा पाय उघडा जमिनीला टेकवायचा नाही. शेण लागलं, ओढ्याचं पाणी लागलं, तर दोन बोटं कापावी लागतील. पुढे पसरलं तर पाऊल."

वैनीने पुडी पदराच्या टोकाला बांधली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "पाऊल गेलं तर पाटी कशी न्हेऊ, भावजी?" बोटांबद्दल, दुखण्याबद्दल काही नाही. चालता येईल की नाही, एवढंच.

तिथून आम्ही भिंगारच्या जुन्या बाजारात गनीभाईकडे गेलो. गनीभाई पलटणीच्या बुटांना तळ मारायचा. त्याने वैनीला फरशीवर पाय ठेवायला सांगितलं आणि कोळशाने पावलाभोवती रेघ ओढली. मग कुरपावर नुसतं बोट ठेवलं.

"भाभी, ये कापायचं नाही हां. पत्ती लावली की परत दुप्पट येतंय. याच्यावरचा बोजा काढायला पाहिजे."

त्याने एका जुन्या बुटाचा जाड तळ घेतला, बरोबर कुरूप येईल तिथे रापीने वाटीसारखा खोलगट भाग कोरला, वर मऊ कातडं चढवलं आणि पट्टे सैल ठेवले, चिंधीसकट पाय बसेल असे. डाव्या पायाला जोड म्हणून साधी वहाण दिली. वैनी उभी राहिली. दोन पावलं टाकली, चार टाकली, परत वळली.

"खडा गेला की वं!" असं म्हणून ती त्या बाजारात लहान पोरीसारखी हसली. मला तर वाटलं, माझं पाप फिटलं.

कुठलं फिटतंय!

आमच्या गावात बायका सहसा वहाणा घालतच नसत. ज्या कुणी रानात घालत, त्या चावडीच्या अलीकडे लिंबाखाली काढत, पदराआड धरत आणि साठ पावलं अनवाणी चालून पलीकडे विहिरीपाशी परत घालत. चावडीवर वडीलधारी मंडळी बसायची ना! त्यांच्यापुढून बाईने वहाण घालून जायचं म्हणजे त्यांच्या पागोट्याला हात घालण्यासारखं. मंडळीत मुख्य आप्पासाहेब. भावकीतले सगळ्यात थोरले, दातांतून तंबाखू आणि तोंडातून शब्द दोन्ही तोलून सोडणारे. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या हयातीत गावात काही बदललं असं कुणी म्हणू नये, यासाठी तो रोज सकाळी सातला कट्ट्यावर येऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी वैनी पाटी घेऊन निघाली, लिंब मागे पडला तरी थांबली नाही, आणि चावडीपुढे आली. मी मागे बैल घेऊन होतो.

"थांब गं," आप्पासाहेब म्हणाले. "पायात काय हाय?"

"पाय हाय, मामंजी. अजून तरी."

"वहान काढ."

"डाक्टरनं सांगितलंय, उघडा पाय टेकायचा न्हाई. बोटं जातील."

"डाक्टर भिंगारचा. चावडी गावची. उद्यापासनं काढून जायचं, न्हाईतर वढ्यानं जायचं."

घरी दादा म्हणाला, "दिवाळीपातूर बस घरी. मी न्हेतो भाजी." दादा देवमाणूस, पण बाजारात त्याचा आवाज मेथीच्या जुडीखालून यायचा. एक दिवस तो गेला आणि दुपारी कोमेजलेली निम्मी पाटी घेऊन परत आला. वैनीने ती जनावरांपुढे टाकली, आणि मला म्हणाली, "भावजी, उद्या पानी जरा लवकर उकळून द्या. आन गार करून तांब्यात भरा."

ते पाणी कशाला, हे मला सकाळी कळलं. वैनी चावडीपाशी आली, पाटी उतरवली, सगळ्यात खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मामंजी, तुमी म्हनला वहान काढ. ही काढली."

दोन्ही वहाणा तिने शेजारी नीट जोडून ठेवल्या. चिंधी सोडली. आता उघडा पाय जमिनीला टेकवायचा तर नाही! तिने तो उचलला आणि दोन पायऱ्या वर ठेवला. तळवा थेट आप्पासाहेबांच्या तोंडासमोर. आमच्याकडे थोरामोठ्यांना चुकून पाय लागला तरी लोक हात जोडतात, आणि इथे सगळा तळवाच त्यांच्यापुढे मांडलेला, जखमांसकट. मग तिने तांब्यातलं जांभळं पाणी सोडलं, पाय धुतला, बेचकं न् बेचकं स्वच्छ फडक्याने टिपलं आणि निवांत टेकून बसली.

"हे काय चाललंय?" आप्पासाहेब.

"वाळवतेय. वाळल्याबिगर मलम लावायचं न्हाई."

"किती येळ?"

"वाळंस्तवर."

मंडळी, श्रावणात आमच्याकडे धोतर वाळायला दोन दिवस लागतात!

"पाय खाली घे."

"खाली शेन हाय, मामंजी."

"मग वहान घाल न् जा!"

वैनीने डोळे मोठे केले. "चावडीपुढं?"

कट्ट्यावर कुणीतरी खोकला काढला. तो खोकला नव्हता हे मला कळलं, आप्पासाहेबांनाही कळलं. ते तोंड फिरवून बसले आणि नऊ वाजता उठून गेले. मंडळी पांगल्यावर वैनीने मलम लावलं, चिंधी बांधली, वहाण घातली आणि बाजार गाठला. पण बाजार निम्मा उठलेला. कोथिंबीर वाया गेली. मी म्हणालो, "वैनी, हे परवडणारं न्हाई."

"पाय परवडंल का गेलेला?" ती म्हणाली.

असे चार दिवस गेले. रोज तांब्या, रोज जांभळं पाणी, रोज तळवा. चावडीवर तंबाखू मळायला बसणारे दोघे-तिघे यायचे बंद झाले. आप्पासाहेब मात्र हटले नाहीत. मुंडी फिरवायची सवय झाली होती त्यांना.

पाचव्या दिवशी मात्र गंमत झाली. वैनी पाय धूत होती तेवढ्यात पाणवठ्यावरून बनुबाई आल्या. बनुबाई म्हणजे आप्पासाहेबांच्याच मंडळी. त्यांनी घागर खाली ठेवली, वैनीच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मालन, माझ्या टाचंचं बघ की जरा. रात-रात ठनकतंय गं."

"वर ठिवा पाय, आत्याबाई. हां, हितं, पायरीवर."

आणि त्या माउलीने ठेवला! त्या बसल्या म्हणून तिसरी बसली, मग चौथी. कुणाला चिखल्या, कुणाचं नखुरडं पिकलेलं, कुणाच्या भेगांतून रक्त. वैनीचा तर दवाखानाच सुरू झाला. "आदी कोमट पान्यात पाय भिजवा, मग वज्री फिरवा. हलक्या हातानं, वांगं भरीत करताना खरवडता तसं न्हाई! बेचकं कोरडं करा आन मग भेगंला आमसुलाचं तेल लावून झोपा. नख सरळ कापायचं गं, कोपऱ्यात शिरायचं न्हाई. कुरपाला पत्ती लावायची न्हाई. आन बिब्बा न्हाई. भावजींच्या हातचा तर मुळीच न्हाई!"

मी बैलाच्या आड तोंड लपवलं.

आठ-नऊ बायकांचे तळवे पायरीवर ओळीने, सगळे चावडीकडे तोंड करून. आप्पासाहेबांनी मान फिरवलेली होती, पण ओळखीचा आवाज कानावर आला तशी त्यांनी वळून पाहिलं. ओळीतला दुसरा तळवा त्यांच्या घरचा होता. चाळीस वर्षांचा संसार, पण बायकोची टाच इतकी फाटलेली आहे हे त्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं.  मग एकदम उभे राहून ओरडले, "घाला! पायात घाला न् चालायला लागा समद्या!"

"आमच्या पायात घालाया हाय काय?" बनुबाई म्हणाल्या.

वैनी मात्र जागची हलली नाही. "मामंजी, नीट सांगा. वहान घालू? चावडीपुढं?"

"व्हय बाई, व्हय! चावडीपुढं घाल! पाय बरा हुईस्तवर घाल!"

वैनीने वहाण घातली, पाटी डोक्यावर घेतली आणि साठच्या साठ पावलं मोजल्यासारखी टाकत गेली. त्या आठवड्यात गनीभाईकडे आमच्या गावातल्या सहा बायकांच्या पावलांची कोळशाची मापं गेली. मीच नेली, रद्दी कागदावर काढून. एवढी चौथी कामाला आली.

दिवाळी आली. डॉक्टरने पाय उलटसुलट करून पाहिला, बोटं मोजली, सगळी जागच्या जागी. कुरूपही मऊ पडून निम्मं झालं होतं. टाचा अशा तुळतुळीत, की वैनी उगाचच पाय पसरून बसायची.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी वैनी पाटी घेऊन चावडीपुढे आली तर आप्पासाहेब वाटच पाहत होते. कट्टा पुन्हा भरलेला. विहिरीवर बायका, आणि बनुबाईंच्या हातात, पदराआड, चावडीपुढे अजून एकदाही न घातलेल्या नव्या वहाणा. सगळं गाव त्या दोघांकडे कान लावून होतं, कारण वैनीची वहाण उतरली की बाकीच्यांची पायात चढायच्या आतच उतरणार होती.

"सूनबाई, पाय बरा झाला न्हवं?" आप्पासाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले.

"झाला, मामंजी. तुमच्या आशीर्वादानं."

"ब्येस झालं. बोलल्यापरमानं मी बरा हुईस्तवर घालू दिली. आता उद्यापासनं गावाची रीत परत पाळायची. लिंबाखाली काढायची."

वैनीने पाटी खाली ठेवली नाही. एक हात पाटीला, एक कमरेवर, आणि दोन्ही पाय वहाणांत घट्ट रोवलेले. विहिरीवरचा रहाटसुद्धा थांबला होता. ती म्हणाली:

"मामंजी, नासक्या पायाला वहान चालती आन धडक्या पायाला चालत न्हाई, तर गावातल्या समद्या बायांनी आदी पाय नासवून घ्यायचं का? ह्यो पाय बरा झाला त्यो वहानंनं, आन बराच ऱ्हानार हाय. मी काय काढत न्हाई. तुमाला बघवत नसंल, तर चावडीचं तोंड वढ्याकडं फिरवून घ्या!"