डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी

अकरावीला मी मानसशास्त्र शिकवते. मेंदूविकारतज्ज्ञ मेंदूचे आणि नसांचे आजार बघतो, मानसोपचारतज्ज्ञ मनाच्या आजारावर औषधं देतो, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. फरक स्पष्ट करा, चार गुण. मुली घडाघडा लिहितात. मीही कधीकाळी पैकीच्या पैकी मिळवले होते. त्याचा घरी काडीचा उपयोग झाला नाही.

मी सोलापुरात बी.ए.ला होते तेव्हा माझे वडील, अण्णा, गावाहून, करकंबहून दादाला घेऊन आले. उसाला पाणी देता देता दादा कुणाशी तरी भांडायचा. समोर कुणी नसायचं. घरात मात्र सगळे 'त्याचं डोकं दुखतंय' म्हणायचे, म्हणून त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय चांगला आला. अण्णांनी स्टँडजवळून पेढे आणले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "मेंदूत काय बी न्हाय म्हणत्यात." फोटो चांगला म्हणजे पोरगा बरा, असं त्यांना वाटलं.

दादाबरोबर आत मी एकटीच गेले होते, शिकलेली म्हणून. डॉक्टरांनी मला इंग्रजीत चिठ्ठी दिली होती: मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

"काय लिवलंय गं त्यात?" अण्णांनी विचारलं.

रविवारी माळशिरसचे पाहुणे मला बघायला येणार होते. भावाला वेड लागलंय म्हटल्यावर ते आमच्या दारात पाऊल टाकणार नव्हते. मी म्हणाले, "काही नाही, आराम करायला सांगितलाय." चिठ्ठी पुस्तकात सरकवली आणि पेढा खाल्ला.

माझं लग्न जमलं. दादाला योग्य डॉक्टर मिळायला सहा वर्षं गेली. तोवर वहिनी माहेरी गेली, ती परत आली नाही. औषधांनी दादाच्या कानातले आवाज थांबले, पण गेलेलं काही मागे आलं नाही. "इतक्या उशिरा आणलंत?" असं त्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अण्णा खाली मान घालून म्हणाले, "आमी अडाणी मानसं. माझंच चुकलं." मी शेजारीच बसले होते.

'माझंच चुकलं' म्हणतच अण्णा गेले. वर्षश्राद्धानंतर मला राहवेना. मी दादापुढे चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगितलं. तो ओरडेल, निदान रडेल असं वाटलं होतं, मला ते हवंच होतं. त्यानं चिठ्ठी होती त्याच घडीवर परत दुमडली.

"मला न्हाय सांगितलंस तर न्हाय," तो म्हणाला. "अण्णास्नी सांगायचं हुतंस की गं."