विश्वस्तांची लेझीम: कोळवणचे दोन दिवस

गुडघा दुखत होता वैशालीवन्संचा आणि प्रवास घडला मला. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्या कोळवण खोऱ्यातल्या मुलांना चित्रं, मातीकाम, लेझीम असं शिकवणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या विश्वस्त झाल्या. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण "नाव लिहिलंत की लोक भेटवस्तू घेऊन येतात, मग त्या ठेवायच्या कुठे" असं त्यांचंच म्हणणं पडलं. वार्षिक सभा रविवारी होती. "जीपमध्ये चढताना हात द्यायला कुणी तरी हवं, वहिनी. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाल्या. घरी मुलगा-सून होते, देवाला फुलं घालायचं सुनेने कबूल केलं. मी पिशवी भरली.

शनिवारी एकादशी होती. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे, थर्मासमध्ये दूध. बाहेरचं खायचं नाही हा नियम उपासाला सोयीचा आणि खिशालाही. सकाळी साडेसातला कोथरूडहून पौडची बस पकडली. उशीर केलात तर चांदणी चौकात तासभर जातो, तेव्हा सकाळचीच गाठा. भूगाव, पिरंगुट. लवासाला जाणारे पिरंगुटला डावीकडे वळतात. आमच्या पुढच्या सीटवरची दोन मुलं तिथे उतरली, पाठीवर कॅमेरे. पिरंगुटपर्यंत कारखाने आणि मंगल कार्यालयं, कासार आंबोलीच्या पुढे मात्र शेतं दिसू लागतात. माझी जपाची माळ पौडला पूर्ण झाली.

पौडहून पुढे एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट, पण ती आमच्यासमोरूनच गेली. मग वडापची जीप, माणशी चाळीस. आत आम्ही अकरा जणं. वन्संचा पाय लांब ठेवायला समोरच्या आजींनी आपलं गाठोडं मांडीवर घेतलं.

"कुटं जायचंय?" त्यांनी विचारलं.

"किसनरावांच्या खळ्यावर."

"मंजी पोरं परीक्षा घेत्यात तितं? तुमी पास हायसा का न्हाई?"

वन्सं म्हणाल्या, "मी चार वर्षांपूर्वी झाले. बाहुली करून दाखवली."

"आन ह्या?" आजींनी माझ्याकडे हनुवटी उडवली.

"ह्या नुसत्या बघायला."

"बघायला सोपं असतंया," आजी म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या.

परीक्षेचं मला तेव्हा कळलं. या संस्थेत विश्वस्त व्हायचं तर वर्षभर शनिवारच्या वर्गात मुलांबरोबर जमिनीवर बसून एक काही तरी शिकावं लागतं. मग वार्षिक सभेच्या दिवशी ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं आणि निकाल मुलं देतात. सात विश्वस्तांपैकी कुणालाही पगार नाही, गाडीभाडंही ज्याचं त्याचं. वर परीक्षा. मी वन्संना म्हटलं, एवढं करून मिळतं काय. त्या म्हणाल्या, "आमटी बरी असते."

भात काढून झालं होतं. बांधाबांधाला पेंढ्यांच्या गंजी, मोकळ्या खाचरात बगळे, मधूनच एखाद्या शहरातल्या माणसाच्या बंगल्याचं निळं फाटक. किसनरावांचं घर गावाच्या टोकाला आहे. तेही विश्वस्त. घरामागचं खळं आणि पत्र्याची लांब शेड त्यांनी वर्गाला दिली आहे. अंगणाच्या कडेला दोन खोल्या बांधून शनिवार-रविवारी ते पाहुणे ठेवतात. आम्हाला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून आठशे पडले. खोली स्वच्छ होती, गरम पाणी चुलीवरचं, कोनाड्यात गणपती. मला आणखी काही लागत नाही.

किसनरावांच्या पत्नी हौसाबाईंनी पिठलं-भाकरी टाकली होती. माझी एकादशी कळल्यावर त्या म्हणाल्या, "आदी सांगायचं न्हवं का," आणि वीस मिनिटांत भगर आणि दाण्याची आमटी समोर आली. आमटी खरंच बरी होती.

दुपारी शेडमध्ये सुनंदाबाई भेटल्या. चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, आता सत्तरीला आल्या. नऊ वर्षं संस्थेच्या अध्यक्ष. भिंतीवरच्या जुन्या चित्रांच्या टाचण्या काढून डबीत भरत होत्या. त्यांच्या मुलीला नागपुरात दिवस भरत आले आहेत, बुधवारचं तिकीट काढलेलं, आणि यावेळी त्या परत येणार नव्हत्या. अडचण एकच होती. अध्यक्षाच्या सहीशिवाय शाळा मुलांना शनिवारी सोडत नाही. आणि त्या खुर्चीवर बसायला कुणी तयार नव्हतं. वन्संचा गुडघा. दुसरे विश्वस्त डॉक्टर, त्यांचा दवाखाना. किसनराव म्हणत, "माजी सातवी. सायबांसंगट काय बोलू मी?" शेवटी संस्थेची कामं करणारा निखिल नावाचा तरुण तयार झाला होता. उद्या तो पास झाला की विश्वस्त, आणि लगेच अध्यक्ष. नाही झाला तर बाईंचं बुधवारचं जाणं अवघड.

"होईल हो पास. हुशार आहे," वन्सं म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "हुशार आहेच. लेझीम येते का ते बघायचं."

निखिल लातूरचा, हिंजवडीला नोकरीला. रविवारी सकाळी मोटरसायकलवरून आला आणि आल्या आल्या शेडमधल्या दिव्याची वायर नीट करून दिली. वर्षभर त्यानेच शाळेचे अर्ज लिहिले, रंगांची मागणी केली, सहलीची गाडी ठरवली. पोरं त्याला दादा म्हणतात. मी द्वादशीचं पारणं करून, हौसाबाईंबरोबर वाल सोलत पायरीवर बसले होते. तिथून सगळं दिसत होतं.

खळ्यावर पंचवीसेक मुलं रांगेत उभी राहिली. पुढारीण आर्या, सातवीतली, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. निखिलला तिने आपल्या शेजारी, रांगेच्या मधोमध उभं केलं. किसनरावांनी हलगी घेतली.

पहिले चार ठोके बरे गेले. मग सगळी रांग उजवीकडे झुकली आणि निखिल डावीकडे. रांग डावीकडे, तो उजवीकडे. पाय चुकत नव्हता, ठोका चुकत नव्हता, अगदी सफाईने तो सगळं उलट करत होता. वळायच्या वेळी तो आर्याच्या समोर आला, दोन लेझमी एकमेकींत अडकल्या आणि तिच्या लेझमीची साखळी सुटली. चकत्या खळ्यावर पसरल्या. हलगी थांबली.

"दादा, कुनाकडनं शिकलात?" आर्याने विचारलं.

"तुमच्याकडूनच. व्हिडिओ काढले होते ना मी, जूनमध्ये."

"समोर उभं ऱ्हाऊन?"

निखिलने मान हलवली. मलाही मग उमगलं. शनिवारी ऑफिसची कामं निघायची, म्हणून त्याने मुलांच्या समोर उभं राहून चित्रण केलं होतं आणि आपल्या इमारतीच्या गच्चीवर ते बघून सराव केला होता. पडद्यावर ती जिकडे जात तिकडे हा जाई. त्यांचं उजवं ते याचं डावं. जूनपासून रोज अर्धा तास, न चुकता, उलटं.

आर्याने त्याचा दंड धरला आणि त्याला रांगेसमोर, मुलांकडे तोंड करून उभं केलं. "वाजवा, आबा," ती किसनरावांना म्हणाली. हलगी परत सुरू झाली आणि आता सगळं जुळलं. रांग जिकडे, निखिल तिकडे. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर तर उठून उभे राहिले. माझ्याही हातातले वाल तसेच राहिले.

मुलं गंजीमागे जाऊन बोलत बसली. बराच वेळ लागला. मग आर्या आली आणि बाईंसमोर उभी राहिली.

"न्हाई झाले, बाई."

"जुळलं की सगळं," डॉक्टर म्हणाले.

"समोर जुळलं. रांगेत न्हाई जुळलं. आमच्या शेजारी कधी उभंच न्हाई ऱ्हायले ते." मग निखिलकडे बघून म्हणाली, "पाय चांगला हाय तुमचा, दादा. शनवारी या."

सभा शेडमध्ये झाली. चहा द्यायच्या निमित्ताने मी आतच होते, कुणी बाहेर जा म्हटलं नाही. डॉक्टरांनी सरळ मांडलं. मुलांचं मत हा एक कौतुकाचा भाग आहे, कागदावर निखिलला घेऊन टाकू, बाईंचं तिकीट बुधवारचं आहे, लेझीम काय, होईल हळूहळू. त्यात चूक काही नव्हतं. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. दोन जणांनी माना हलवल्या. बाई टाचण्यांची डबी उघडझाप करत होत्या.

किसनराव म्हणाले, "माज्या चित्रातला बैल ह्या पोरांनी पाच बारीला पुसाय लावला. मागचा पायच जमंना. तवा कुनी म्हनलं न्हाई का कौतुक हाय म्हनून."

"ते वेगळं होतं, किसनराव."

"काय येगळं?"

तेवढ्यात निखिल म्हणाला, "नको, डॉक्टर. मला लिहू नका. मला तिथेच कळलं होतं. मी समोरून बघत होतो." मग म्हणाला, "शनिवारची कामं मी सांगून सोडवून घेतो. ते जमत नसेल तर हेही जमणार नाही."

"मग सही कोण करणार?" वन्संनी विचारलं.

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. दारात हौसाबाई उभ्या होत्या, हातात वालाची पाटी.

"सही येतीया की ह्यांना," त्या म्हणाल्या. "सोसायटीत करत्यात न्हवं? का तितं दुसराच कोन येतुया करायला?"

वन्सं हसल्या, मग बाकीचेही. किसनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शाळेच्या सायबांसमोर आपल्याला बोलता येत नाही, इंग्रजी कागद वाचता येत नाही, असं सगळं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. निखिल म्हणाला, कागद मी लिहीन. वन्सं म्हणाल्या, मी वाचून दाखवीन. "फाल्गुनापतूर," किसनराव शेवटी म्हणाले. "शिमग्याला ह्याची परत परीक्षा घ्या. पास झाला तर ह्याचं हा बघंल. न्हाई झाला तर मला पोरांनी इंग्रजी शिकवायचं."

ठरलं. बाईंनी डबीचं झाकण लावलं. सगळ्यांकडे एकदा बघून विचारलं, "मग जाऊ ना मी?"

"जावा, बाई," किसनराव म्हणाले. "पोरीला इचारलंय म्हनून सांगा."

बाहेर आलो तेव्हा निखिल खळ्यावर उकिडवा बसून लेझमीच्या चकत्या गोळा करत होता. आर्या मोजत होती. एक सापडत नव्हती.

परतीला कोळवणहून दुपारची एसटी मिळाली. थांब्यावर वेळापत्रक लावलेलं नाही, चहाच्या टपरीवर विचारा, ते बिनचूक सांगतात. हौसाबाईंनी तांदूळ दिले, पैसे घेईनात, मी वन्संच्या हातून दिले. जाऊ इच्छिणाऱ्यांनी हिवाळ्यात जावं, खोलीसाठी आधी फोन करावा आणि उपास असेल तर आधी सांगावं.

घरी येऊन गुरुवार उजाडला. आमच्या आळीच्या भजनी मंडळाची मी सहा वर्षं प्रमुख आहे. आधीच्या काकू मुलाकडे गेल्या, कुणी तरी म्हटलं तुम्ही बघा, आणि मी पेटीशेजारी समोर बसू लागले. टाळ माझा, सुरुवात माझी. मागच्या बायका नेहमी अर्धी मात्रा उशिरा येतात, म्हणून मी त्यांना दर गुरुवारी सांगते, लक्ष द्या.

या गुरुवारी मी टाळ कुलकर्णीकाकूंकडे दिला आणि मागच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसले. वर पंखा खडखडत होता. पेटी ऐकूच येत नव्हती. शेजारच्या शिंदेवहिनी पुढच्या रांगेतल्या बायकांच्या डोक्यांकडे बघत होत्या. डोकी हलली की टाळी. मीही तसंच केलं. अर्धी मात्रा उशीर झाला.

"दर वेळी असंच?" मी हळूच विचारलं.

"दर वेळी," त्या म्हणाल्या. "सरका थोड्या, तुमच्यामुळे काकूंचं डोकं दिसत नाही मला."

मी सरकले.