चेकिंगच्या शकिलाआपा

शकिलाआपांच्या हातात काहीही द्या, त्या आधी उजेडाकडे धरायच्या. पोळी असो, भाजीवाल्याचं टमाटं असो. माझी पोरगी दोन महिन्यांची असताना बघायला आल्या, तर तिची मूठ उघडून खिडकीकडे धरली, एकेक बोट निरखलं आणि म्हणाल्या, "पास." मला हसू आलं आणि लय बरंपण वाटलं, कारण बाळंतपणापासून मला सारखी भीतीच वाटायची, पोरगी नीट हाय ना, दूध पुरतंय ना.

नाशिकजवळ अंबडच्या एका कंपनीत आम्ही दोघी चेकिंगच्या टेबलावर होतो. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं यायची, जरा वाकडं, जरा बारकं दिसलं की लाल क्रेटमध्ये टाकायचं. आपांची त्यात सतरा वर्षं गेलेली. मी आठवी शिकलेली, नवीन लागले तेव्हा सुपरवायझर मागं येऊन उभा राहिला की मी झाकणं सोडून त्याच्याकडेच बघायचे. आपा मान वर न करता म्हणायच्या, "सारिके, पीसकडे बघ. त्याच्याकडे काय बघती, त्याला काय आपल्याला चेक करायचंय?"

एका सोमवारी गेलो तर गेट बंद आणि गेटवर कंपनी बंद झाल्याचा कागद. माझा नवरापण तिथंच मोल्डिंगच्या मशिनीवर होता, म्हणजे आम्ही दोघं एकाच दिवशी घरी बसलो. पाळणाघरात सोडायची पोरगी अजून कडेवरच होती, मी तिथंच रडायला लागले. आपांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, "चल, पोरीला उन्हात नको उभी करू. कागद काय बदलणार हाय का?"

मग त्यांनी काय काय करून बघितलं. साड्यांना फॉल लावले, मसाल्याच्या पुड्या भरल्या, एका डबेवालीकडे चपात्या लाटल्या. कुठंच महिनाभर टिकलं नाय. माझं माहेर निफाडकडचं. बोलता बोलता मी सहज म्हणाले, "आमच्याकडे आता द्राक्षांची विरळणी सुरू झाली असंल." आपा तिथंच थांबल्या. "मग मला आज सांगती व्हय? लाव फोन!"

विरळणी म्हणजे घडातले काही मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा होते. माझ्या माहेरच्या ओळखीचे बागवाले अण्णा हो म्हणाले, आणि कंपनीतल्या आम्ही सहा जणी पिकअपमध्ये बसून निघालो. थंडी इतकी की बोटं वळत नव्हती. पोरीला नवऱ्याजवळ ठेवून आलेले, माझा सगळा जीव तिकडं.

दहाच्या सुमाराला मी बघितलं तर आपांच्या झाडाखाली हिरव्या मण्यांचा सडा. घडात मोठे मोठे, अगदी एकसारखे मणी ठेवलेले आणि बारका दिसला की कापलेला. घड पार टकला झालेला. आणि बाकीच्या चौघी आपांचं बघून तसंच करत होत्या, कारण कंपनीतपण आम्ही आपांचंच बघायचो. मी लहानपणापासून बागेत वाढलेली, मला एका नजरेत कळलं, हे चुकतंय. पण जीभच उचलंना. ज्यांनी मला काम शिकवलं त्यांना मी कसं सांगू? सांगते, सांगते म्हणत दुपार झाली.

जेवणाच्या वेळेला अण्णा आले. घड हातात धरून बघतच राहिले. "हा घड हाय का खराटा? कोणी केलं हे?"

आपा पुढं झाल्या. "साहेब, साइज एक नव्हती. मी लहान रिजेक्ट केले."

"रिजेक्ट? उद्यापासून येऊ नका कोणी. पेठच्या मजुरांची टोळी बोलावतो मी."

घरी दूध-पावडरीचा डबा तळाला गेलेला. कशी काय कोण जाणे, पण मी बोलले. "अण्णा, चूक माझी हाय. मला दिसलं होतं, मी सांगितलं नाय. कंपनीतला पीस कधी वाढत नाय, म्हणून ह्या बारका काढतात. मणी वाढतो हे त्यांना कोणी सांगितलंच नाय. मी एकेकीच्या शेजारी उभी राहून करून घेते. संध्याकाळी नाय पटलं तर नका बोलवू."

"संध्याकाळी बघतो," म्हणून अण्णा गेले. आपा माझ्याकडे वळल्या. "तुला सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"तुम्ही मोठ्या, आपा."

"माझा मान ठेवायला सहा घरांच्या चुली विझवणार होतीस का गं?" असं म्हणाल्या, पण आवाज चढवला नाय. डोक्यावरची ओढणी घट्ट केली आणि कात्री माझ्यापुढं धरली. "शिकव. आणि जोरात बोल, उजवा कान मशिनीनं गेलाय माझा."

दुपारभर त्या सगळ्यांसमोर, प्रत्येक घडाला त्याचा एकेक बारका फाटा धरून मला विचारत होत्या, "ही पाकळी ठेवू का गं? इथं किती काढू?" एकदा मी न बघताच "बरोबर हाय" म्हणाले तर म्हणाल्या, "नीट बघ आधी. उगाच खूश नको करू मला."

संध्याकाळी अण्णांनी नवीन ओळ फिरून बघितली. "उद्या तासभर लवकर या," म्हणाले. "तुमच्यात मुकादम कोण?" सगळ्या आपांकडे बघायला लागल्या. आपांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. आवाज बारीक हाय, पण कामातलं हिला कळतं."

त्याला दोन हंगाम झाले. गुडघे दुखायला लागले म्हणून आपा यंदा मालेगावला लेकीकडे गेल्या. टोळी मीच नेते, आता आम्ही अकरा जणी हाय. परवा विंचूरच्या अलीकडे एका बागेत होतो, तर टोळीत येऊन दोनच दिवस झालेली एक पोरगी बागवाल्यासमोर मला म्हणाली, "ताई, ह्या घडात तुम्ही जास्ती काढलं."

कान गरम झाले माझे. खरं सांगते, राग आला, लय आला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, सतरा वर्षं चेकिंग केलेल्या बाईला त्या दुपारी माझ्यापुढं कात्री धरताना काय वाटलं असंल.

मी घड बघितला. पोरगी बरोबर होती.

"दाखव," मी म्हणाले, "तू कसा केला असता?"