दोन्ही हात वर

नानांच्या मुलीच्या हळदीत मी नाचलो. ही माझी चूक. वाईट नाचलो हा भाग वेगळा. त्याबद्दल मांडवातल्यांनी जे बोलायचं ते तेव्हाच बोलून घेतलं.

नाना म्हणजे धुळ्यातल्या आमच्या गल्लीतले साउंडवाले. लग्न असो की गाण्याचा कार्यक्रम, काळ्या खोक्यांच्या भिंतीशेजारी मिक्सरवर बोटं ठेवून उभा असलेला जाडसर माणूस दिसला की ते नाना. दुसरं वेड मोटारींच्या शर्यतींचं. रविवारी टीव्हीवर शर्यत असली की तिचा आवाज लग्नाच्या स्पीकरमधून निघायचा. फळीवरची पातेली थरथरत पुढे सरकायची आणि नानांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, डाळ निवडता निवडता एका हाताने ती मागे ढकलायच्या. "डोळे मिट," नाना मला सांगायचे, "आता गिअर पाडला बघ." डोळे मिटून काय बघायचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एवढं वेगाचं वेड, पण स्वतःचा टेम्पो असा चालवायचे की सायकलवाले पुढे जायचे. शेजारी कायम सुमी, त्यांची मुलगी. मी एकदा चिडवलं, तर रंगात आल्यासारखे अहिराणीवर उतरले, "पोर बठेल शे ना बाजूले!"

एका रविवारी वहिनी दोंडाईच्याला माहेरी गेल्या होत्या. चहाचे कप आणताना मी वायरीत पाय अडकवला आणि आवाज गेला. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. शिव्या आल्याच नाहीत. नाना टीव्हीकडे बघत मान डोलावत होते.

"ऐक, ऐक. काय इंजिन शे!"

घरात पंख्याखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

मी वायर पुन्हा खोचायला वाकलो, ते त्यांनी पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून बाकीचं त्यांना कळलं असावं.

"घरात सांगू नको," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, कानात उरलंय तेही जाणार. सुमीच्या हळदीचा साउंड मला स्वतःला करायचा आहे. मग मिक्सरला हात लावणार नाही."

जे चाललं होतं ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. नुसते हात होते, तेच देऊ केले. मी मांडवात समोर उभं राहायचं. आवाज वाढवायचा तर हात वर, कमी करायचा तर हात पोटावर.

सुरुवातीला मी खांबासारखा उभा राहिलो. पोटावर हात बघून दोन बायकांनी मला ओवा आणून दिला. मग अहिराणी गाणं लागलं आणि सुमीने हळदीच्या हातानेच मला ओढलं, "काका, चला ना!" आमच्याकडे त्या गाण्यांवर दोन्ही हात वर करूनच नाचतात. आवाज वाढत गेला. मला वाटलं, मी रंगात आलोय म्हणून तसं वाटतंय. वरपक्षाच्या म्हाताऱ्यांनी कान झाकले. "नाना, कमी करा!" म्हणून चारजण ओरडले. नाना हसऱ्या चेहऱ्याने समोर बघत होते, एक तळवा खोक्यावर टेकलेला. आणि स्पीकर फुटला.

त्या शांततेत कुणीतरी त्यांना मागून हाक मारली. पुन्हा मारली. नाना वळले नाहीत. सगळ्या मांडवाला कळलं. सुमी हळदीच्या अंगाने रडत होती आणि मी मध्यभागी उभा, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

साउंड भाच्याकडे गेला. नाना रविवारी आवाज बंद ठेवूनच शर्यत बघू लागले. पातेली आता हलत नव्हती, तरी वहिनी मधूनच ती मागे ढकलायच्या. मी शेजारी बसायचो. माफीचं रोज ठरवायचो आणि चहा पिऊन घरी यायचो.

नाना गेले त्याच्या आदल्या आठवड्यात, दवाखान्यात, एकदाची मागितली. नाना ओठ वाचायचे, पण माझ्या मिशांपुढे त्यांचंही काही चालायचं नाही. म्हणून ओरडलो. वॉर्डातल्या सगळ्या खाटांना कळलं, नानांना सोडून. शेवटी वहिनी त्यांच्या तोंडासमोर वाकून एकेक शब्द सावकाश बोलल्या, "हे म्हणतात, यांचे हात बघून तुम्ही आवाज वाढवला. म्हणून सगळं झालं."

नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येडा शे का? तुनाकडे कोन देखत व्हतं? मन्ही पोर नाचत व्हती."