खांद्यावरचा हात

नव्या फ्रेमच्या पॉलिशचा वास आला की मला सोनाळ्याहून आलेली ती तरुण बाई आठवते. शेतात वीज पडून तिचा नवरा गेला होता आणि तेरवीसाठी फोटो हवा म्हणून ती दिरासोबत माझ्या नांदुऱ्याच्या स्टुडिओत आली होती. त्याचा धड फोटो एकच होता, मीच काढलेला, लग्नातला, दोघांचा. "दादाचा एकट्याचा करून द्या, हार घालाले," दीर म्हणाला. दुपारची वेळ होती, पंखा घरघरत होता, बाहेर एसटीचे हॉर्न वाजत होते. मी फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि सवयीने आधी तिच्या बाजूने पुसायला घेतलं. हिरवा चुडा गेला, मुंडावळ्या गेल्या, अर्धा चेहरा गेला. मागून हळूच आवाज आला, "मले पुसून राह्यले का, भाऊ?" माझा हात माउसवरच थांबला. दीर समजावू लागला, "वैनी, हाराचा फोटो एकट्याचाच लागते." ती म्हणाली, "मले पुसा. पण माह्या खांद्यावरचा त्याचा हात राहू द्या. तुम्ही सांगतलं म्हणून ठेवला होता त्यानं. चारचौघात तेवढा एकदाच." पण ती पुसली गेल्यावर तो हात ठेवायला खांदाच उरत नव्हता. शेवटी तोही पुसला. मग न मागता दोघांचा मूळ फोटोही वेगळा छापून तिला दिला. तिने तो न बघताच पदराआड धरला. अजूनही असं काम आलं, की घरच्यांना मी आधी चहाला बाहेर पाठवतो आणि मगच पुसायला बसतो.