नाव घेऊन केलेली प्रार्थना

मंठ्याच्या अलीकडे, डांबरी सोडून आत गेलं की काळ्या रानाच्या कडेला एक चर्च लागतं. पत्र्याचं छप्पर, चुना फासलेल्या भिंती, आत अंथरलेल्या सतरंज्या. डावीकडे पुरुष बसतात, उजवीकडे बाया. तिथं वसंतासारखी प्रार्थना करणारा दुसरा नाही, हे साऱ्या शिवाराला ठाऊक आहे. भरल्या विहिरीत घागर बुडावी तसा त्याचा आवाज खोल जातो. तो आवाज त्यानं रागावर पोसला होता, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या मंडळीत सुगी उरकली की पुरुषांचा रविवार येतो. त्या दिवशी पाळकसाहेब खाली सतरंजीवर बसतात. शास्त्रवाचन पुरुषांचं, गाणी पुरुषांची, ढोलकी पुरुषांची, आणि जेवणही पुरुषच रांधतात. शेवटी एका गरजू घराला मदत देतात. देण्याआधी पुरुष मंडळाचा प्रमुख त्या माणसाला पुढं बोलावतो आणि त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतो.

कितीतरी वर्षं तो प्रमुख होता कल्याणराव. त्याचं खताबियाण्याचं दुकान होतं, अंगावर कडक इस्त्री असायची. तो म्हणायचा, "नावाबिगर प्रार्थना म्हंजे पत्त्याबिगर टपाल. पोचंल कसं?"

एका कोरड्या साली त्यानं वसंताच्या आईला, चांगुणाबाईला पुढं बोलावलं. नवरा नुकताच वारला होता. तिनं कल्याणरावाच्या दारात उभं राहून, हलक्या आवाजात, आपली अडचण त्याला एकट्याला सांगितली होती. त्यानं ती सगळ्या मंडळीसमोर देवाला सांगितली.

"प्रभू, ही तुझी गरीब दासी चांगुणा. हिची चूल थंड हाये. शेजारणीनं कोंबड्यांपुढं टाकलेले दाणे हिनं येचून पोरापुढं शिजवून ठिवले, ते तू पाह्यलंस, प्रभू."

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. वसंताचे उघडे होते. आईनं पदर हनुवटीपर्यंत ओढलेला त्यानं पाहिला.

ती मिळालेलं घेऊन घरी आली आणि पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. "देवाला माझं घर ठाऊक न्हाई का?" एवढंच ती म्हणाली. वसंताला मात्र गावानं 'दाणेवेच्या' हे नाव चिकटवलं. पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत ते त्याच्या मागं फिरलं. तेव्हा त्यानं मनाशी गाठ मारली: ज्या तोंडानं माझ्या आईला उघडं केलं, त्याला त्याच जागी उभं करीन, तसंच, डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन.

मग तो प्रार्थना शिकला. मळणी यंत्रावर कामाला जायचा. सोयाबीनच्या धुराळ्यात तोंडाला फडकं बांधून, यंत्राच्या धडधडाटात, एकेक वाक्य घासत राहायचा. कुठं थांबावं, कुठं आवाज खाली घ्यावा, कुठं 'प्रभू' म्हणून श्वास सोडावा. विळ्याला धार लावतात तशी त्यानं भाषेला धार लावली. लोक म्हणाले, वसंतावर आत्म्याची कृपा आहे. पुढं त्यालाच प्रमुख केलं.

आणि दिवस फिरले. कल्याणरावाचं दुकान बसलं. अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला. लेकांनी पुण्यात बिऱ्हाडं केली. यंदा मदत कुणाला, असा विषय निघाला तेव्हा वसंतानंच नाव सुचवलं. सगळे म्हणाले, केवढं मोठं मन!

चौकशीला तो त्यांच्या घरी गेला. कल्याणराव खाटेवर होता. त्याची बायको नंदाबाई चुलीपुढं भाकर पाण्यात भिजवत होती.

"सलाम, मामा."

"सलाम, सलाम. लई बरं केलंस, आलास ते."

वसंता बराच वेळ बसला. दांडीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या, कोरडा डबा पाहिला. नंदाबाईला मायेनं विचारलं आणि ती बिचारी मायेनं सांगत गेली. गोफणीसाठी खडे वेचावेत तसं त्यानं सगळं वेचून घेतलं.

घरी येऊन आईला म्हणाला, "या रविवारी चल माझ्यासंगं."

"कशाला रे?"

"माझी प्रार्थना ऐकाय. तू एकदा बी ऐकली न्हाईस."

लेकाच्या शब्दाखातर चांगुणाबाई आली. बायांच्या बाजूला नंदाबाईनं सरकून तिला जागा दिली.

त्या दिवशी गाणी जोरात झाली. मागून राधेश्याम ढोलकीवाला कुजबुजला, "वसंता, जल्दी आटप बरं. डाळ करपली तर बाया वरीसभर ऐकवतील." पुरुष हसले. वसंता हसला नाही. वेदीपुढं मदतीचं गव्हाचं पोतं होतं. त्याच्याशेजारी दोघांनी कल्याणरावाला धरून उभं केलं.

"प्रभू, हा तुझा गरीब दास कल्याण. ह्याचे लेक ह्याचा फोन उचलत न्हाईत. ह्याच्या घरी शिळी भाकर पाण्यात भिजवून गिळत्यात. रोज सकाळी ह्याचं अंथरूण ओलं असतं, प्रभू, आन् तुझी दासी नंदा तोंड झाकून ते धुती..."

त्याचे डोळे उघडे होते. त्याला कल्याणरावाचं तोंड पाहायचं होतं. पण त्या तोंडावर आसवं होती आणि ओठ हलत होते: "व्हय प्रभू, व्हय." लाजेचा लवलेश नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढला होता तो नंदाबाईनं.

प्रार्थना चालू असतानाच चांगुणाबाई उठली. तिनं नंदाबाईचा हात धरला. दोघी दाराबाहेर गेल्या.

वसंताची जीभ अडली. कसंबसं "आमेन" झालं. कल्याणरावानं सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हटलं आणि डाव्या हातानं त्याचा हात धरला.

"पोरा, माझ्यासाठी इतकी खोल प्रार्थना कुणी केली न्हाई. बराबर सगळं सांगितलंस बघ देवाला. पुढल्या साली बी माझं नाव घे."

वसंतानं हात सोडवून घेतला. इतक्या वर्षांची धार, आणि म्हातारा तिला मलम समजून बसला! त्याला मारावंसं वाटलं. वाकून त्यानं पोतं उचललं, डोक्यावर घेतलं आणि तो बाहेर पडला.

चर्चच्या भिंतीला टेकून आई उभी होती. नंदाबाई पुढं निघून गेली होती.

"आई, तुझ्यासाठीच केलं म्या."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "त्या नंदानं त्या कोरड्या साली मागल्या परसातून माझ्या घरी पीठ आणून दिल्तं. कुणाला न सांगता. तुला बी न सांगता."

तिनं त्याच्याकडं पाठ केली आणि नंदाबाईच्या मागं चालू लागली.

वसंता त्यांच्या मागं निघाला, मान पोत्याखाली ताठलेली, छातीत राग तसाच. फक्त तो फेकायला आता जागा उरली नव्हती. चौकातल्या चहाच्या टपरीवर रविवारची माणसं बसली होती. एकानं हाक मारली, "काय रे वसंता, कुण्या गरिबाचं धान्य निघालं?"

तो थांबला. कल्याणरावाचं नाव ओठांवर आलं होतं.

"माझं," तो दात खाऊन म्हणाला, आणि नंदाबाईच्या परसाकडं वळला.